हजेरीत एकच नाव

कॉलेजात नाव घालायला गेले, तेव्हा खिडकीतले कारकून मान वर न करताच म्हणाले, "दुसरी भाषा हिंदीच ना? तामसीकडच्या पोरी समद्या हिंदीच घेतात." झालं, माझं टाळकं सटकलं. त्यांच्या मागच्या फळ्यावर तेलुगू, हिंदी, उर्दू आणि सगळ्यात खाली फ्रेंच असं लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "फ्रेंच लिवा, काका." फ्रेंच कशाशी खातात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

घरी सांगितलं. आई निंदणाहून येऊन हातपाय धूत होती. "कोनासंग बोलशील ते?" एवढंच तिनं विचारलं. मी ताट पुढे ओढून जेवायला बसले.

मुख्य विषय भूगोल. तो वर्ग गच्च भरलेला असायचा. मास्तर शिकवायचे इंग्रजीत आणि गमती करायचे तेलुगूत. मी मराठी शाळेतली; आमचं गाव तेलुगू राज्यात असलं तरी सीमेवरचं, घरीदारी मराठीच. बाजारापुरतं तेलुगू यायचं, गमतीपुरतं नाही. सगळा वर्ग खदखदून हसायचा आणि मी वहीत मान घालून बसायची. लोक कशावर हसताहेत ते कळत नसलं, की आपल्यावरच हसत असतील असं वाटतं. गावच्या मुली हिंदीला गेलेल्या, त्या बसमध्ये मला 'फ्रेंचवाल्या मॅडम' म्हणून डिवचायच्या, मग मीही फुगून खिडकीबाहेर बघायची. डबा जिन्याखाली एकटीच खायची. फार एकटं वाटायचं. कोणी विचारलं असतं तर तिथंच रडले असते, पण विचारतंय कोण!

फ्रेंचच्या वर्गात विद्यार्थी म्हणून मी एकटीच होते. समोर सर आणि मधे रिकामे बाक. सर पार समुद्राकाठच्या यानमचे. तिथं एके काळी फ्रेंचांचं राज्य होतं, म्हणून ती भाषा त्यांच्या घरातलीच. त्यांना मराठी येत नव्हतं आणि मला त्यांचं तेलुगू झेपत नव्हतं, तेव्हा आमचं चालायचं ते हिंदीत, तेही दोघांचं मोडकंतोडकं.

पण हजेरी मात्र ते रीतसर घ्यायचे. हजेरीबुक उघडायचे, पेनाचं टोपण काढायचे आणि माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मोठ्यानं पुकारायचे. मी उभी राहून, त्यांनी शिकवल्याप्रमाणे, "प्रेझांत" म्हणायची. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. पुढे पुढे मात्र सकाळी बसमध्ये चढल्यापासून मी त्या घटकेची वाट बघायला लागले. अख्ख्या कॉलेजात माझं नाव घेणारा तो एकच माणूस होता. आणि मनात मी असंही धरून चालले होते, की मी गेले नाही तर बिचारे शिकवतील कोणाला?

एकदा मी भूगोलाच्या खोलीतून भारताचा नकाशा मागून आणला आणि त्यांचं गाव विचारलं. त्यांनी गोदावरी समुद्राला मिळते तिथं बोट ठेवलं. मी आमच्या पैनगंगेवर ठेवलं आणि सरकवत नेलं: पैनगंगा वर्धेत, वर्धा प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत. माझं बोट त्यांच्या बोटाशी जाऊन थांबलं. सर म्हणाले, "मतलब तुम्हारे गाँव का पानी मेरे घर जाता है." मग बराच वेळ नकाशा गुंडाळायचं ना त्यांना सुचलं, ना मला.

दसऱ्याच्या सुट्टीआधी बसच्या पासवर शिक्का मारून घ्यायला गेले, तर तेच कारकून काका म्हणाले, "पोरी, भाषा बदलाची असंल तर सुट्टीच्या आत सांग. मंग नाई होत."

"काऊन बदलू? मी गेली तं सर कोनाले शिकवतीन?"

काकांनी शिक्का खाली ठेवला. "त्याइले कायले शिकवा लागते? बदलीसाठी कवापासून अर्ज करून राह्यले ते. एक जरी पोरगी फ्रेंचले हाये तवर सोडता येत नाई, असं वरून सांगतात. घरी लेकरू चालाले लागलं म्हनते, बापानं अजून चालतानी पाह्यलं नाई."

मला रागच आला. काकांचा, सरांचा, सगळ्यांचाच. मी जिच्यासाठी दिवसभर जीव धरून असायची ती हजेरी त्या माणसाला इथं बांधून ठेवत होती, आणि त्यांनी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. वाटलं, राहू दे, मला काय करायचंय. हिंदीच्या वर्गात तरी मला कोण विचारणार होतं?

दुसऱ्या दिवशी हजेरी झाली आणि सर चालणं ह्या क्रियापदावर आले. फळ्यावर फ्रेंचमध्ये वाक्य लिहिलं, 'माझी मुलगी चालते'. लिहून झाल्यावर त्याकडे बघत राहिले. मग स्वतःच डस्टर घेऊन पुसलं आणि म्हणाले, "दूसरा लिखते हैं."

तास सुटल्यावर मी खिडकीशी गेले. "काका, हिंदी लिवा." ह्या वेळी त्यांनी मान वर करून बघितलं आणि मग लिहून घेतलं.

सुट्टीनंतर सर सामान आवरायला एक दिवस आले होते. जिन्यात समोर आले. "बहुत मुश्किल लगा फ्रेंच?" त्यांनी विचारलं. त्यांना लागलंय हे आवाजातून कळत होतं. खरं सांगितलं असतं तर त्यांना जाताना जड गेलं असतं. मी म्हटलं, "हाँ सर, बहुत मुश्किल." त्यांनी मान हलवली आणि ते खाली उतरले.

हिंदीच्या वर्गात हजेरी भराभर चालली होती. माझं नाव आलं तशी मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "प्रेझांत."

सगळा वर्ग हसला, गावच्या मुलीसुद्धा. ह्या वेळी कशावर हसताहेत ते मला बरोबर कळलं होतं. मी खाली बसले.