शाळेच्या भिंतीवरचं वऱ्हाड

शैला मॅडम गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकासाठी रंग कालवत होते. जालन्याच्या घरी सकाळचा चहा पिता पिताच गेल्या म्हणे. माझ्या हातातली काडी तशीच फिरत राहिली आणि हिरव्यात पिवळा जास्त पडून रंग भलताच पोपटी झाला. गिऱ्हाईक म्हणालं, "भाभी, आसा न्हाई पाह्यजे." मी म्हटलं, "आज असाच घ्या." माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, बिचाऱ्यानं मुकाट्यानं नेला... मॅडमना हे सांगितलं असतं तर पोट धरून हसल्या असत्या. आता सांगायचं कुणाला?

कुंभार पिंपळगावात आमचं रंगाचं दुकान आहे. सासऱ्यांचे आजोबा राजस्थानातून इकडं आले, म्हणून गाव मला अजून भाभीच म्हणतं. मॅडमही तेच म्हणायच्या. जवळच्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होऊन आल्या, तेव्हा शाळा शेवटच्या घटका मोजत होती. वस्तीत रोज सकाळी व्हॅन यायची आणि पोरांना इंग्रजी शाळेत घेऊन जायची. मागं उरायची ती ज्यांना व्हॅन परवडत नव्हती ती. पट आणखी घसरला असता तर शाळेला कुलूप, आणि उरलेल्यांनी नाला ओलांडून दुसऱ्या गावी चालत जायचं. अशा वाटेनं पोरींना कोण पाठवणार? मॅडमना सारखा हाच घोर. एकदा दुकानात स्टुलावर बसून म्हणाल्या, "भाभी, पोरं शाळेवर रुसली न्हाईत, मायबाप रुसलेत. त्यांना आपली शाळा भिकारी दिसती." मी सहज बोलून गेले, "मग रंगवा की." झालं! बाईची नजर लगेच कोपऱ्यातल्या डब्यांवर. पिचलेले, साय धरलेले, कुणी अर्धे परत आणलेले, सगळे रिक्षात भरून नेले आणि वर मलाच म्हणाल्या, "चला, पोरांना ब्रश धरायला शिकवा."

रंगवायचं काय, हे मॅडमनी पोरांवरच सोडलं. शाळा गावात सगळ्यात देखणी दिसली पाहिजे, एवढंच सांगितलं. पोरांनी आजवर सजवलेलं घर एकच पाहिलेलं, ते म्हणजे लग्नघर. आमच्याकडं लग्न निघालं की घराच्या दर्शनी भिंतीवर चित्रं काढून घेतात. मग काय, महिनाभरात शाळेच्या दाराशी केळीचे खांब उभे राहिले, डोक्यावर कलश घेतलेल्या बाया आल्या, दोन्ही बाजूंना भालदार आले आणि रस्त्याकडच्या भिंतीवर दोन दांडगे हत्ती. हत्ती पोपटी होते, कारण तोच रंग जास्त होता. भालदाराच्या हातात भाल्याऐवजी फूटपट्टी होती. नवरा-नवरीच्या नावाच्या जागी पोरांनी आपापली नावं टाकली. मी कपाळाला हात लावला. वस्तीतले बाबाराव, ज्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे आणि ज्यांची नात रोज व्हॅनमध्ये बसायची, ते रस्त्यावरूनच ओरडले, "काय मॅडम, शाळंचं लगीन लावून राह्यल्या का?" मॅडम शिडीवरून म्हणाल्या, "व्हय आबा, पत्रिका धाडते तुम्हाला!"

लग्न निघालं ते बाबारावांच्याच धाकट्या लेकीचं, त्याच उन्हाळ्यात. सकाळची शाळा होती आणि मी उरलेले डबे आणायला गेले होते. वाटूरकडून वऱ्हाड आलं. वस्तीच्या तोंडाशी त्यांना पहिलं रंगवलेलं घर दिसलं ते म्हणजे आमची शाळा. टेम्पो थांबले, बँडवाल्यानं जोर धरला, नवरदेव फेटा सावरत उतरला आणि अख्खं वऱ्हाड शाळेत शिरलं! नवरदेवाची आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आवो, सामोरं यायला कुणी हाये का न्हाई?" मी तर डबे घेऊन दाराआड सरकले. मॅडम मात्र पदर खोचून पुढं झाल्या. "या, बसा. नवरी ह्याच शाळंत शिकलीय." पोरांनी बसायच्या पट्ट्या अंथरल्या, पाणी दिलं आणि पाहुण्यांना हाताला धरून भिंत दाखवायला सुरुवात केली. नवरदेवाच्या वडलांनी भालदाराजवळ थांबून विचारलं, "ह्याचा भाला कुठं गेला?" एक चिमुरडी म्हणाली, "भाला घिऊन शाळंत येऊ देत न्हाईत." सगळं वऱ्हाड खदखदून हसलं.

तेवढ्यात बाबाराव धापा टाकत आले. वऱ्हाड भलतीकडंच उतरलं, आता मानपानावरून काय ऐकावं लागतंय, या भीतीनं त्यांचा चेहरा उतरलेला. पण व्याही म्हणाले, "पाव्हणे, आसं स्वागत आमचं कुठंच झालं न्हाई. काय शाळा हाये तुमची! तुमच्या घरची लेकरं कितवीला हायेत हितं?"

बाबाराव घाम पुसायला लागले. पोरांनी मॅडमकडं पाहिलं. मला वाटलं, आता मॅडम सगळा हिशेब चुकता करणार. मी असते तर सोडलं नसतं.

"नात येणार हाये जूनमध्ये," मॅडम म्हणाल्या. "आबांनी पक्कं ठरवलंय."

जूनमध्ये बाबाराव नातीचं बोट धरून स्वतः आले. ते आले म्हणून भावकी आली, भावकी आली म्हणून शेजारी आले. पुढच्या वर्षी व्हॅन वस्तीकडं वळायचीच बंद झाली. मी दुकानात पेढे वाटले. लोकांना वाटलं, आमच्याच घरी पाळणा हलला!

त्यानंतर एक रिवाजच पडला. शाळा सोडून जाणारं प्रत्येक पोर जायच्या आधी कुंपणाच्या भिंतीवर स्वतःला वऱ्हाडी म्हणून काढून जातं. कुणी सायकलवर, कुणी ट्रॅक्टरवर, एकीच्या मागं शेळी. बाबारावांच्या नातीनं हट्टानं स्वतःला घोड्यावर बसवलंय. सेवानिवृत्त झाल्यावरही मॅडम दर वर्षी या कामाला यायच्या, आणि माझ्याशी रंगावरून भांडून जायच्या.

यंदा त्यांच्याशिवाय... मागच्या महिन्यात नवे सर चार पोरांना घेऊन दुकानात आले. मॅडमचं चित्र काढायचं होतं आणि वाद पेटला होता. सर म्हणत होते, वऱ्हाडाच्या सगळ्यात पुढं. एकजण म्हणे, हत्तीवर. त्यांच्यातलीच तिसरीची एक पोरगी काउंटरला लोंबकळत ऐकत होती. ती म्हणाली, "वऱ्हाडात कशाला? वऱ्हाड यिऊन निघून जातं. मॅडम घरच्या हायेत. त्यांना दारात काढा."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "बराबर बोलतीय," एवढंच मी म्हणू शकले, आणि गिऱ्हाइकांदेखत रडले.

आता दाराच्या चौकटीला लागून मॅडम उभ्या आहेत. चष्मा वाकडा, एक हात दुसऱ्यापेक्षा बराच लांब, या म्हणून पुढं केलेला. पहिलीची पोरं आत शिरताना त्या हाताला टाळी देतात. तळव्याचा रंग आत्ताच उडायला लागलाय. सर म्हणाले, वर वार्निश मारू का? मी नको म्हटलं. उडू दे, रंग मी पाठवीन.