उजव्या खांद्यावरचा पदर

"उस्ताद, तुमची बाई चोरीले गेली," असं म्हणून रहमतभाईंनी एक लेबल माझ्या टेबलावर ठेवलं आणि त्याच्यावर सिंगापूरचं पत्र.

मी हातातली कोरणी खाली ठेवली. लेबल पाहिलं. कमरेवर घागर घेतलेली बाई, मागे विहीर, बाजूला कडुनिंब. काम माझं. खाली नाव मात्र सिंगापूरच्या कोण्या व्यापाऱ्याचं.

माझं दुकान सदर बाजारात होतं. धंदा ब्लॉकमेकरचा. ब्लॉक म्हणजे लाकडावर कोरलेलं चित्र. त्याला शाई लावायची, कागद दाबायचा, झालं लेबल. शाळा मी सातवीत सोडली. मास्तर आणि मी, दोघंही खूश झालो. पण लाकूड मला समजत होतं.

रहमतभाईंचे कामठीला चाळीस माग चालायचे. त्यांच्या लुंग्या सिंगापूरला जायच्या आणि प्रत्येक लुंगीवर माझं लेबल. तिकडच्या गोदीतले मजूर नाव वाचत नव्हते, "घागरवाली द्या" म्हणायचे. म्हणून लुंगीपेक्षा बाई महत्त्वाची. असं चित्र सरकारदप्तरी आपल्या नावावर लावून घ्यायचं, त्याला ट्रेडमार्क म्हणतात. रहमतभाईंनी बारा वर्षं माल विकला आणि मग तिकडे अर्ज केला. आपल्याकडे असंच चालते. अर्ज नाकारला गेला. कारण हीच बाई आधीच दुसऱ्याच्या नावावर चढली होती. तो दुसरा पूर्वी रहमतभाईंचाच माल उतरवून घेत होता.

"आता माझाच माल मीच चोरला म्हणून बंदरावर अडकवणार," रहमतभाई म्हणाले. "माग बंद पडले तर इतक्या लोकांना मी काय सांगू?"

आम्ही बोधनकर वकिलांकडे गेलो. त्यांचं ऑफिस माझ्या दुकानापासून चार दुकानं सोडून. माणूस हुशार, पण घाईत असला की चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधायचा.

"अर्ज नाकारला म्हणजे सगळं संपलं असं नाही," वकील म्हणाले. "त्या माणसाचं नाव रजिस्टरमधून काढायला लावू. पण तो म्हणतो, चित्र माझ्या आर्टिस्टनं सिंगापुरातच काढलं. पाणी भरणारी बाई कोणालाही सुचेल."

"माझ्या प्रूफबुकात आहे ना पहिला छाप," मी म्हणालो. प्रत्येक ब्लॉकचा पहिला कागद मी एका जाड वहीत डकवत असे आणि गिऱ्हाइकाची सही घेत असे.

"वही तुमची, सही तुमच्या गिऱ्हाइकाची. तो म्हणेल, घरी बसून बनवली. मला अशी गोष्ट द्या, जी दोन माणसांना आपापली सुचूच शकत नाही."

अशी गोष्ट माझ्याजवळ होती. त्या चोरलेल्या लेबलावर मला ती दिसतही होती. पण मी छताच्या पंख्याकडे पाहत बसलो.

घरी आलो. अनसूया तांदूळ निवडत होती. अनसूया म्हणजे माझी बायको. तिला जाऊन आता दोन वर्षं होतील. मला तोंडावर बोलणारं घरात कोणी उरलं नाही. घर फार शांत झालं आहे, मला ते आवडत नाही. असो.

मी तिच्यापुढे लेबल टाकलं. तिनं एकदाच पाहिलं.

"अजी, त्याच्या बाईचाबी पदर उजव्या खांद्यावर?"

"हो."

"मंग वकिलाले सांगतलं का नाही?"

मी लेबल उचलून खिशात घातलं.

"काहून नाही सांगतलं? लाज वाटली?"

आता ही भानगड सांगतो. ब्लॉक उलटा कोरावा लागतो. आरशात दिसतो तसा. तेव्हा कागदावर सुलटा उमटतो. पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे. पण ती घागरवाली कोरली तेव्हा आमचं लग्न नवीन होतं. अनसूयेलाच घागर देऊन अंगणात उभं केलं, पेन्सिलीनं चित्र काढलं. मग पातळ कागदावर ते उतरवलं. तो कागद पालथा करून लाकडावर ठेवायचा असतो. मी उताणा ठेवला. का, तर ती समोर उभी राहून "हात दुखून राहिला, लवकर करा ना जी" म्हणत हसत होती. माझं लक्ष कागदावर नव्हतं. खालची अक्षरं शिशाच्या टायपाची, वेगळी बसवलेली, म्हणून ती बरोबर आली. बाई तेवढी उलटी छापली गेली. डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर.

तिनं पहिल्याच दिवशी मला ते दाखवलं होतं. मी वस्सकन ओरडलो, "तुले काय समजते वं ब्लॉकमधलं?" आणि वर रहमतभाईंना ब्लॉक देऊन मोकळा झालो. त्यांना काही कळलं नाही. सदरमधला नंबर एक ब्लॉकमेकर उलटी बाई कोरतो, हे बाजारात कोण सांगणार? बारा वर्षं मी कोणाला सांगितलं नाही.

"उद्या मीच येतो वकिलाकडं," अनसूया म्हणाली.

"तू काहून?"

"तुमी पुन्हा पंख्याकडं पाहत बससान म्हनून."

पंख्याचं मी तिला सांगितलं नव्हतं. तिला माझं सगळं माहीत असायचं.

दुसऱ्या दिवशी अनसूया आणि रहमतभाई यांच्यासमोर वकिलांच्या टेबलावर मी तीन वस्तू ठेवल्या. पेन्सिलीचं चित्र, लाकडी ब्लॉक आणि प्रूफबुक. चूक सांगितली. सांगताना कान गरम झाले.

रहमतभाईंनी आधी लेबल पाहिलं, मग अनसूयेकडे पाहिलं, मग पुन्हा लेबल.

"म्हणजे बारा साल मी उलटी औरत विकत होतो?"

"हो."

"आणि एकालाही समजलं नाही?"

"मजुरांना लुंगी पाहिजे होती," मी म्हणालो.

ते इतके हसले की वकिलांचा शिपाई आत डोकावून गेला. वकील मात्र हसले नाहीत. चष्मा शोधत म्हणाले, "थांबा. गुजराती बायका उजव्या खांद्यावरच पदर घेतात. तो म्हणेल, माझी बाई गुजराती."

अनसूया उठून उभी राहिली.

"वकीलसाहेब, गुजरातनीचा पदर मागून पुढं येते. हा पाहा, पुढून मागं गेला. वरून नेसन आपलं, काष्ट्याचं. अशी बाई कोन्या मुलखात नाही भेटनार. फक्त यायच्या लाकडात भेटन." तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

वकिलांना चष्मा सापडला. मग त्यांनी लिहायला जे घेतलं ते तासभर थांबलेच नाहीत. माझं शपथपत्र तयार झालं. त्यात माझी चूक इंग्रजीत इतक्या थाटात मांडली होती की वाचून दाखवली तेव्हा मलाच आदर वाटला. चित्र सुलटं, ब्लॉकही चित्रासारखाच सुलटा, म्हणून छाप उलटा. त्या व्यापाऱ्याच्या आर्टिस्टनं खरंच बाई पाहून चित्र काढलं असतं, तर पदर डाव्या खांद्यावर आला असता. त्यानं बाई पाहिली नाही, आमचं लेबल पाहिलं.

खरा पदर कुठे असतो ते दाखवायला सोबत फोटो पाहिजे होता. सदरच्याच एका स्टुडिओत अनसूयेला घागर घेऊन उभं केलं. फोटोग्राफर म्हणाला, "मावशी, जरा हसा." ती म्हणाली, "हसली म्हनूनच तर एवढी कोर्टकचेरी झाली गा." फोटोत ती हसतेच आहे.

कागद गेले. पाच-सहा महिने काही नाही. रहमतभाई आठवड्यातून दोनदा यायचे, चहा पिऊन जायचे. कामठीत सिंगापूरचा माल विणून पडला होता. निम्मे माग थांबले होते. मी त्या दिवसांत नीट झोपलो नाही. माझी चूक चालली नाही, तर बाजारात हसू होणार आणि वर माग बंदच राहणार.

मग तिकडच्या वकिलाचं पत्र आलं. बोधनकर वकील ते घेऊन स्वतः माझ्या दुकानात आले. त्या व्यापाऱ्याला विचारलं होतं, तुमच्या बाईनं पदर असा का घेतला? आधी म्हणाला फॅशन. मग म्हणाला आर्टिस्ट गाव सोडून गेला. शेवटी त्यानं आपलं नाव स्वतःच मागे घेतलं. बाई रहमतभाईंच्या नावावर चढली. महिन्याभरात कामठीचे चाळीसही माग सुरू झाले.

रहमतभाई पेढे घेऊन आले, सोबत बोधनकर वकीलही. मी म्हणालो, "आता नवा ब्लॉक फुकट करून देतो. पदर बरोबर करतो."

"खबरदार!" वकील ओरडले. "रजिस्टरमध्ये हीच बाई आहे. पदर हलला तर मार्क बदलला."

पुढे जुना ब्लॉक झिजला. नवा कोरायला मी बसलो. पातळ कागद उताणाच ठेवायचा होता, पण हाताला सवय पालथा करण्याची. दोनदा तो आपोआप बरोबर ठेवला गेला, दोन्ही लाकडं वाया गेली. तिसऱ्यांदा अनसूया शेजारी बसली आणि माझा हात धरून म्हणाली, "चुका जी, चुका आता." तेव्हा कुठे जमलं.

धंद्यातल्या लोकांना माझं इतकंच सांगणं आहे. चित्र काढल्याबरोबर नावावर लावून घ्या, बारा वर्षं थांबू नका. आणि दुसऱ्याचं उचलायचंच असेल, तर आधी ते घरच्या बाईला दाखवा.