होडीची सरळ रेषा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. आता मी अमेरिकेतल्या कॅरी गावात राहते. आफ्रिकेतून युरोपात होडीने जाणाऱ्या माणसांच्या वाटांवर पीएच.डी. करते. एका किनाऱ्यावर पहारा वाढला की लोक आणखी दक्षिणेकडून, पार सेनेगलहून, स्पेनच्या कॅनरी बेटांकडे निघतात. वाट लांबते, माणसं जास्त बुडतात. चार वर्षं मी त्या वाटांचे नकाशे काढतेय, आणि चार वर्षं घरी गेलेले नाही. प्रबंध जमा केला की पुढच्याच आठवड्याचं तिकीट होतं.

बाबा हर्णैला मासेमारीच्या बोटीवर तांडेल आहेत. बोट त्यांच्या शब्दावर चालते. एका शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर मी त्यांना नकाशा दाखवला. शाबासकी हवी होती, खोटं कशाला बोलू. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि हसले.

"ही काय एसटी आहे का गं? इथून सुटली, थेट तिथे पोचली?"

मी म्हटलं, निघाल्याची आणि पोचल्याची जागाच नोंदलेली असते, म्हणून सगळे अशीच सरळ रेषा काढतात.

"सगळे काढू देत. तू तांडेलाची पोरगी ना?" मग त्यांनी वारा कुठून असतो ते विचारलं. उत्तरेकडून, मी म्हटलं.

"म्हणजे तोंडावर. त्यात गस्त चुकवायला बाहेर खोल समुद्रात जायचं. पाणी किती दिवसांचं घेतात?"

मला माहीत नव्हतं.

गाईड म्हणाले, आहे तसं चालेल. चाललंही असतं. पण मी पोचलेल्या लोकांच्या मुलाखती पुन्हा उघडल्या. त्यांनी सगळं सांगितलं होतं: कितव्या दिवशी पाणी संपलं, किती वेळ भरकटलो. मी त्यातून फक्त कुठून आणि कुठे एवढंच उचललं होतं. नकाशे नव्याने काढायचे ठरवलं. एक सेमिस्टर वाढलं. तिकीट कॅन्सल केलं.

पुढच्या एका शनिवारी बाबांना फोन करून सांगितलं.

"बरं," ते म्हणाले. "तुझ्या खोलीला नवीन रंग लावलाय. तोवर वास जाईल."

फोन ठेवला तर अख्खा शनिवार समोर होता. खाली पार्किंगमधून एकेक गाडी निघून गेली. मी पुढची मुलाखत उघडली.