कॅसेटवरचा मधला आवाज

आमचे हे आणि त्यांचे दोन दोस्त भोसरीत एकाच वर्कशॉपमध्ये लेथवर होते. गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी आमच्या भाड्याच्या खोलीत गिटार आणि हलगी घेऊन तिघं गायला बसायचे. गाणी जुनी, जात्यावरची, मोटेवरची. पण एकच ओळ तिघं तीन सुरांत म्हणायचे, आणि ते सूर असे मिसळायचे की कुणाचा कुठला ते कळूच नये. ह्यांना त्याचाच केवढा अभिमान!

लोकांच्या काही ते पचनी पडलं नाही. कारखान्याच्या गणपतीत आणि वस्तीत बुद्धजयंतीला, असे दोनच कार्यक्रम कुणीतरी टेप केले. एका कॅसेटवर मागून कुणी ओरडलेलं चक्क ऐकू येतं, "अहो राव, काय गायचं ते आधी ठरवा तरी!" वर हशा. मेल्यांनी कान काय घरी ठेवले होते?

पुढे काविळीचं निमित्त झालं आणि हे गेले. लेक तेव्हा रांगत होती.

शाळेत जायला लागल्यावर तिनं विचारलं, "आई, बाबांचा आवाज कसा होता गं?" मी मोठ्या ऐटीत शेजारणीचा टेपरेकॉर्डर आणून कॅसेट लावली. तिनं नीट ऐकलं. "यातले बाबा कुठले?"

मला सांगताच येईना. चहा मागणारा त्यांचा आवाज मी हजारांत ओळखला असता, गाण्यातला ओळखू येईना. असा संताप आला ह्यांचा! पोरीसाठी एक ओळ एकट्यानं म्हटली असती तर काय बिघडलं असतं? टेप बंद केला आणि रडले.

गुरुवारी ह्यांच्या त्या दोघा दोस्तांना बोलावून घेतलं आणि लेकीचा प्रश्न सांगितला. त्यातले एक भावजी भोसरीच्याच शेतकरी घरातले. ते म्हणाले, "वहिनी, आमी दोघं आमचं तेवढंच गातो. त्याची जागा मोकळी ठिवतो. मग तुमी टेप लावा."

एकानं वरचा सूर धरला, दुसऱ्यानं खालचा. दोघांच्या मधे नुसतं ओकंबोकं वाटत होतं. ऐकवेना. ओळ संपल्यावर मी कॅसेट लावली. तीच ओळ आली, आणि मधून एक जाडसर, संथ आवाज निघाला.

लेक ताडकन उठली. "हे! हे बाबा!"

भावजी भिंतीकडे तोंड करून बसले. "परत लाव," लेक म्हणाली. मी परत लावली. आता मला त्या गाण्यात दुसरं कुणी ऐकूच येईना.