अंदाजाची रेघ

रंजनाचा स्वभाव तसा गरीब. माणसांसमोर तोंडातून शब्द फुटायची मारामार, पण कॉम्प्युटरशी मात्र ती चांगली भांडायची. खोडाळ्याजवळच्या पाड्यावर वाढलेली, ठाण्यात दोन वर्षं डाटा एन्ट्री करून विटून परत आलेली ही मुलगी आता मोखाड्यातल्या एका भाड्याच्या खोलीत बसून वनहक्काच्या दाव्यांचे नकाशे करायची. काम ठाण्याच्या एका संस्थेचं. नकाशांचं सॉफ्टवेअर एवढं जड, की रंजनाच्या जुन्या लॅपटॉपला ते झेपायचं नाही. म्हणून संस्थेने दमदार कॉम्प्युटर ठाण्याच्या ऑफिसात ठेवला होता आणि रिमोटने त्याचा पडदा रंजनाच्या लॅपटॉपवर दिसायचा. माउस इथे हलवायचा, नकाशा तिथे हलायचा.

आज तो हलेना. दुपारचे सव्वातीन वाजले होते आणि तिच्या पाठीशी बाकावर जिवाकाका नि बायडीमावशी दोन तासांपासून बसून होते. रंजनाच्या आधी कुणीतरी केलेला त्यांच्या प्लॉटचा नकाशा साफ चुकला होता. नागलीचा (नाचणीचा) वरचा उतार रेघेच्या बाहेर राहिला होता, म्हणजे चाळीस वर्षं कसलेली निम्मी जमीन कागदावर नव्हतीच. दुरुस्त नकाशा आज संध्याकाळी पाचपर्यंत मेलने पाठवा, नंतर आलेला धरला जाणार नाही, असं दावे तपासणाऱ्या समितीचं पत्र होतं. ते पत्र जिवाकाकांच्या हाती पडलं काल संध्याकाळी, आणि तेही बाजारात भेटलेल्या कुणीतरी दिलं म्हणून.

"काका, हा तुमचा ओहोळ ना?" रंजनाने विचारलं.

जिवाकाकांनी मान पुढे काढली. पडद्यावर उपग्रहाचा फोटो तुकड्यातुकड्याने उमटत होता. वरचं जंगल नवं, खालची शेतं मघाचीच. जरा सरकवलं की सगळं थिजायचं आणि दहा-बारा सेकंदांनी भलतीकडेच उडी मारायचं.

"ओहोळच हाय वाटतं," काका म्हणाले. "पण मघाशी तो इकडं व्हता, पोरी. आता तिकडं गेला."

रंजनाने पहिला दोष दिला रेंजला. मोखाड्यात सगळे देतात. गॅस बुक झाला नाही, रेंज. पगार आला नाही, रेंज. तिने मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, दुसरं सिम घातलं, लॅपटॉप उचलून गच्चीवर नेला. मागोमाग काका-मावशी जिना चढले. काही फरक पडला नाही, उन्हात पडदाच दिसेना. परत खाली आली. रिमोटचे रंग कमी केले, वॉलपेपर बंद केला, खिडकी छोटी केली. नकाशा ढिम्म. या खटाटोपात पाऊण तास गेला. चार वाजले तेव्हा तिला स्वतःचाच राग आला.

तिने हेमंत सरांना फोन लावला. ठाण्याच्या ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर तेच सांभाळत.

"अगं, तुमच्याकडे रेंजच नसते," सर म्हणाले. "मी तरी काय करणार? तू आज सकाळी प्लॉटभोवती मोबाइल घेऊन फिरली होतीस ना? ते जीपीएसचे पॉइंट जोड, अंदाजे रेघ मार आणि पाठवून दे. नंतर बघू."

पॉइंट होते. पण झाडीत मोबाइल पंधरा-वीस मीटर भरकटतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर मालकाला शेजारी बसवून, फोटोवर बांध नि झाडं ओळखून रेघ नीट करायची असा तिचा शिरस्ता होता. तरी घड्याळाकडे पाहून तिने पॉइंट जोडले. लाल रेघ उमटली. पाठवून टाकायचा मोह झाला, आणि नाही कशाला म्हणा, जोरात झाला. अर्धी जमीन बुडण्यापेक्षा अंदाज काय वाईट?

पाठवण्याआधी फाइलला नाव द्यावं म्हणून तिने त्याच ठाण्याच्या कॉम्प्युटरवर प्लॉट नंबर टाइप केला. अक्षरं झरझर उमटली. तिचा हात थबकला. तिने नोटपॅड उघडून मनात येईल ते बडवलं. सगळं जिथल्या तिथे, एका क्षणाचाही उशीर नाही. म्हणजे रेंजचा रस्ता मोकळा होता! फक्त चित्र काढताना तिकडचा गडी दमत होता.

"सर, रेंज ठीक आहे," फोन पुन्हा लावून ती म्हणाली. एरवी एवढ्यावरच थांबली असती, आज थांबली नाही. "अक्षरं लगेच येतात, नकाशाच अडकतो. मी फोन ठेवणार नाही. तुम्ही उठून त्या मशीनवर किती ताण आहे ते टास्क मॅनेजरमध्ये बघा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कीबोर्डची टकटक.

"प्रोसेसर शंभर टक्के," सर सावकाश म्हणाले. "आणि चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड... शून्य. परवा मी विंडोज नव्याने टाकली बघ. रिमोटसाठी कार्ड वापरायची सेटिंग करायची राहिली वाटतं. करतो. पण मशीन बंद करून चालू करावं लागेल."

चार पंचवीस. रंजनाने काम सेव्ह केलं आणि पडदा काळा झाला. बायडीमावशीने विचारलं, "गेला का आपला शेत?" "नाही मावशी, येईल परत," रंजना म्हणाली. एक मिनिट झालं, पाच झाली, दहा झाली. फोनवर हेमंत सर "अपडेट घेतंय गं" असं अपराध्यासारखं म्हणत होते. चार बेचाळीसला पडदा उजळला.

नकाशा आता लोण्यासारखा सरकत होता. तिने लाल रेघेजवळ जाऊन फोटो मोठा केला. एकेक झाड सुटं दिसू लागलं.

"हा माझा मोह," जिवाकाकांचं बोट पडद्याला टेकलं. "ही नागलीची टेप, तो वरचा उतार. ही बरोबर आत आली." बोट खाली ओहोळापाशी आलं आणि थांबलं. "पोरी, ही रेघ इथं कशी? हा खाचर माझा नाय. ओहोळापलीकडल्या पुंजाचा हाय."

अंदाजाची रेघ ओहोळ ओलांडून पुंजाच्या भाताच्या खाचरात शिरली होती. जवळजवळ सगळं खाचर जिवाकाकांच्या नावावर जात होतं.

"पुंजा कुठे असतो?" रंजनाने विचारलं.

"भिवंडीला वीटभट्टीवर, बायकापोरं घेऊन. पावसाळ्याशिवाय येत नाय. त्याच्या वाटचा कोन बोलंल इथं?"

रंजनाने माउसवरचा हात काढला. अर्ध्या तासापूर्वी ती हेच पाठवणार होती. तिकडे पुंजा विटा थापत राहिला असता आणि इकडे तिच्या हाताने त्याची जमीन गेली असती.

"काढ ती रेघ मागं," बायडीमावशी म्हणाली. "येळ ऱ्हावो नायतर जावो."

चार पन्नास. रंजनाने एकेक टोक उचलून ओहोळाच्या अलीकडे आणलं. प्रत्येक टोकाला काका "हां" म्हणत, मगच ती पुढचं धरी. सात टोकं होती. घाई होती, हात घामेजले होते, पण एकही टोक तिने "हां" आल्याशिवाय सोडलं नाही. चार अठ्ठावन्नला मेल गेला. पाच वाजून दोन मिनिटांनी पोच आली: नकाशा वेळेत मिळाला.

तिने मोठ्याने वाचून दाखवलं आणि तिला एकदम रडूच आलं. बायडीमावशीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

जिवाकाका मात्र उठेनात. "अजून एक काम कर," ते म्हणाले. "यवडा मोठा दिसतोय तं पुंजाच्या खाचराच्या चारी कोपऱ्यांला खुना करून ठेव. त्याचा दावा अजून कुनी टाकलाच नाय. मी सांगतो कोपरे."

रंजनाने डोळे पुसले आणि नवी फाइल उघडली.