उतू गेलेलं दूध

दूध करपल्याचा वास आला की मला वारज्याच्या फ्लॅटमधला ओटा आठवतो. माझा मुलगा कंपनीच्या बसने हिंजवडीला गेला की घरात सासूबाई आणि मी दोघीच. त्या एकदा बाथरूममध्ये पडल्या आणि धास्तीने पलंग सोडीनात. अशाच बसून राहिल्या तर पाय कायमचे जातील, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना ओट्याला धरून उभं केलं. "दूध वर येईपर्यंत एका पायावर उभ्या राहा." "मी काय बगळा आहे?" "बगळा पडत नाही." त्या रोज मला शिव्या देत उभ्या राहायच्या. एका सकाळी त्यांनी ओट्यावरचा हात काढला. मी बघतच राहिले आणि दूध उतू गेलं. "गॅस बंद कर, बावळट!" त्या एका पायावरूनच ओरडल्या. आता माझंही वय झालंय; दुधापाशी एका पायावर मी उभी असते. माझा हात अजून ओट्यावरून सुटत नाही.