आईचा आवाज दोन घरांत

रेडिओवर गोष्टी सांगणाऱ्या बाईंचा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करत. त्यांनी बायकोच्या सगळ्या टेप घरच्या छोट्या सर्व्हरवर चढवल्या. त्यातल्या तिन्ही डिस्क आधीच सिनेमांनी भरत आल्या होत्या.

"बाबा, एक डिस्क पॅरिटीसाठी, म्हणजे बाकीच्यांचा ताळा ठेवायला, राखून ठेवा," लेक म्हणाली. "बाकीच्यांपैकी एखादी बिघडली तरी तिच्यातलं सगळं परत मिळतं."

"आणि घरात पाणी शिरलं तर?"

"मग तीही जाईल."

बाईंनी पाटीवर लिहिलं, "सिनेमे काय, पुन्हा मिळतील. टेपा तेवढ्या दुसऱ्या घरीही ठेवा."

यजमानांना ते पटलं. त्यांनी पॅरिटीचा नाद सोडला आणि फक्त टेपांची एक प्रत लेकीच्या घरी ठेवली.

पुढच्याच वर्षी नेमकी टेपांची डिस्क बंद पडली. प्रत आहे हे माहीत असूनही ते दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी लेक ती घेऊन आली. खोलीत जुना, मोकळा आवाज घुमला आणि त्यांनी डोळे पुसले.

बाईंनी कान देऊन ऐकलं, मग लिहिलं, "किती घाईघाईत वाचायचे मी!"

"मला नाही कधी तसं वाटलं," ते म्हणाले.